दीड मिनिट

फोन वाजला तेव्हा क्रेनच्या पाठीवर फ्रिज होता.

क्रेन हे काही त्याचं नाव नव्हे, पण सामान हलवणाऱ्या त्या गोदामात गेली वीस वर्षं त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. लोकांची घरं बदलायची. कपाटं, पलंग, वॉशिंग मशिनं या मजल्यावरून त्या मजल्यावर न्यायची, हे त्याचं काम. जो फ्रिज न्यायला दोन माणसं लागतात तो हा एकटा न्यायचा. खांद्यावरून पट्टा, मान पुढे, आणि एकेक पायरी. घरमालकीण दारात उभी राहून म्हणायची, "अहो, एकटेच काय नेताय?" आणि खालून ट्रकचा ड्रायव्हर ओरडायचा, "दुसरा हात लावला की त्याला राग येतो बाई, नेऊ द्या."

त्या दिवशी चौथा मजला होता आणि लिफ्ट बंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे खिशातला फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला. असा सात वेळा. जिन्याच्या वळणावर फ्रिज टेकवता येतो, हे त्याला काय माहीत नव्हतं? पण मधे टेकवला म्हणजे एकट्यानं नेला असं म्हणता येत नाही, हा त्याचा त्यानंच केलेला नियम. त्यानं फ्रिज वर नेला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरळ उभा केला, बाईंनी दिलेलं पाणी प्यायला, आणि मग फोन काढला.

फोन शिलाईवालीचा होता. ती त्याच्या बायकोच्या क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून येणारी.

"भाऊजी, ताई क्लासमध्येच पडल्या. शुद्ध नाही. आम्ही हॉस्पिटलात आणलंय. लगेच या."

हॉस्पिटल दोन चौक सोडून. गल्लीत ट्रकच्या मागेपुढे गाड्या लागलेल्या, म्हणून तो पळत निघाला. पहिल्या चौकापर्यंत गेला आणि त्याच्या छातीचा भाता झाला. पाय उचलेनात. चार मजले फ्रिज नेणारा माणूस दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. आतून दुकानदार म्हणाला, "काका, छातीत दुखतंय का?" त्यानं नुसती मान हलवली, बोलायला श्वास नव्हता. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात त्यानं बघितलं. चार मिनिटं तो तिथं बसून होता.

पोचला तेव्हा शिलाईवाली कॉरिडॉरमध्ये उभी होती, हातात बायकोच्या चपला घेऊन. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, आधी आला असतात तरी काही फरक पडला नसता. त्यानं मान डोलावली. ती चार मिनिटं त्यानं कुणाला सांगितली नाहीत.

*

बायको किकबॉक्सिंग शिकवायची. टायरच्या दुकानावर एक लांबोडकी खोली, खाली जाड रबरी चटया, छताला ठोसे मारायच्या तीन पिशव्या टांगलेल्या, भिंतीवर मोठं घड्याळ. वीसेक बायका आणि मुली यायच्या. शिलाईवाली होती, दोन नर्सा होत्या, एक बस चालवणारी, एक शाळेतली लेखनिक. बायको स्वतः पन्नास किलोची. चष्मा लावून चहा गाळताना तिला कुणी बघितलं असतं तर ही कुणाला लाथ मारते हे खरं वाटलं नसतं.

तिची एक पद्धत होती. दोन मिनिटांच्या राउंडमध्ये शेवटचे तीस सेकंद राहिले की ती ठोसे झेलायचे पॅड धरल्या धरल्या समोरचीला साधासा प्रश्न विचारायची. सकाळी काय खाल्लंस? घरी किती जणं आहेत? धाकट्याची परीक्षा कधी? हात-पाय चालू ठेवून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. "हो", "नाही" चालायचं नाही. उत्तर देता आलं नाही तर राउंड पहिल्यापासून. बायका वैतागायच्या. बस चालवणारी एकदा म्हणाली, "ताई, मारायला येते मी इथं, मुलाखतीला नाही." त्यावर ती म्हणाली, "ज्याला बोलता येतं त्याच्यात अजून एक ठोसा शिल्लक असतो. ज्याला येत नाही तो संपला, मग त्याचा दंड केवढा का असेना."

घरी हा विषय निघाला की दोघांची जुंपायची.

"तुझं ते नाचणंबिचणं ठीक आहे गं," तो म्हणायचा. "पण माझ्यासारख्याचा एक बसला की?"

"बसला तर ना."

"आज ना उद्या बसेलच."

"दोन मिनिटांत बसवा. उद्यापर्यंत कोण थांबतंय?"

मुलगी लहान होती, ती दोघांच्या मधे बसून हसायची. तिला सगळे बारकी म्हणत.

बारा वर्षांपूर्वी गोदामात असाच वाद निघाला. ड्रायव्हर म्हणाला, "क्रेन, तू सगळ्यांना भारी, पण घरी बायकोला टरकतोस." एवढंच पुरलं. तो आठवडाभर बायकोच्या मागे लागला. ती नाही नाही म्हणत होती, शेवटी कंटाळून हो म्हणाली. "रविवारी दुपारी. क्लास बंद असतो. दार लावून. आणि जे होईल ते आपल्या दोघांत."

पहिले वीस सेकंद त्याचे होते, हे खरं. त्याचा उजवा हात तिच्या तोंडापुढं धरलेल्या हातांवर बसला आणि ती तशीच मागे जाऊन भिंतीला धडकली, गाल लाल झाला. तिच्या डोळ्यांत त्याला जरा भीतीही दिसली. ताकद खोटी नव्हती. पण त्यानंतर ती त्याला सापडलीच नाही. तो मारायचा तिथं ती नसायची. मोकळ्या हवेत मारलेला ठोसा माणसाला जास्त थकवतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि दर वेळी त्याचा ठोसा चुकला की तिचा पाय त्याच्या डाव्या मांडीवर, त्याच एका जागी, यायचा. फार जोरात नाही. दारावर कुणी टकटक करावं तसा. मिनिट झालं आणि त्याचे हात आपोआप कमरेपर्यंत उतरले. वर न्यावेत म्हटलं तर जातच नव्हते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. तेव्हा तिनं विचारलं, नेहमीच्या आवाजात, "उद्या डब्याला काय करू?"

त्याला उत्तर देता आलं नाही.

घड्याळात दीड मिनिट झालं तेव्हा तो गुडघ्यांवर होता. तिनं कोपऱ्यातली फरशी पुसायची बादली पुढे सरकवली आणि तो त्यात ओकला. ती शेजारी बसून त्याची पाठ चोळत होती. "लागलं का हो फार? मांडीला बर्फ लावू या," एवढंच म्हणाली.

दोघं खाली आले तर टायरच्या दुकानात ड्रायव्हर आणि गोदामातली दोघं चहा पीत बसलेली. त्याच्याच तोंडून त्यांना रविवार कळला होता. त्यांनी आधी तिच्या लाल गालाकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"काय रे, काय निकाल?"

त्यानं बायकोकडं बघितलं. ती चष्मा पुसत होती. "निकाल काय लागायचाय," ती म्हणाली. "दीड मिनिटात आटोपलं. यांच्यापुढं माझं काय चालणार?"

सगळे हसले. तोही हसला.

पहिल्या वर्षी लोक ही गोष्ट सांगायचे आणि तो गप्प बसायचा. दुसऱ्या वर्षी तो स्वतःच सांगायला लागला. एकदा पाहुणे जमले असताना तिच्यासमोर सांगितली, हातवारे करून, ती कशी भिंतीला आपटली ते दाखवत. ती पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही. त्या वर्षी क्लासमधल्या दोघी सोडून गेल्या. नवऱ्यानं दीड मिनिटात आडवी केली ती आपल्याला काय शिकवणार, असं त्या बाहेर म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं. बायकोनं ते त्याला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

बारकीला ही गोष्ट तोंडपाठ होती. शाळेत ती सांगायची, माझे बाबा माझ्या आईपेक्षा भारी आहेत, आणि माझी आई सगळ्या जगापेक्षा.

*

आई गेली तेव्हा बारकी एकोणीसची होती आणि तिची पहिली मोठी लढत दहा आठवड्यांवर आली होती. बावन्न किलोचा गट, दोन मिनिटांचे तीन राउंड. आईनं दहा आठवड्यांचं सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं. कुठल्या दिवशी किती पळायचं, दोरीवरच्या उड्या किती, कुठल्या लाथेवर किती राउंड.

तेराव्या दिवसानंतरच्या आठवड्यात शिलाईवाली वही घेऊन घरी आली. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकलेली, दुकानातून थेट आली असावी.

"भाऊजी, ताईंनी सगळं लिहिलंय. मला पॅड धरता येतात. बारकीला मी तयार करते. संध्याकाळी सहा ते आठ."

बारकी दाराशी उभी राहून ऐकत होती.

तो म्हणाला, "घरचं माणूस असताना बाहेरच्यांना कशाला त्रास?"

शिलाईवालीनं वही छातीशी धरली. "तुम्ही शिकवणार?"

"का? मला येत नाही?"

"मी कुठं काय म्हटलं?"

"मावशी," बारकी मधेच म्हणाली, "बाबांनी आईला हरवलं होतं. मग मी त्यांच्याकडंच शिकले तर काय वाईट?"

ते वाक्य त्याच्या कानात गेलं आणि तिथंच राहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर दोघीच होत्या, दार लोटलेलं होतं, आणि बायकोला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते; त्या दुःखाच्या आडोशानं काहीही बोलता आलं असतं. तो म्हणाला, "वही ठेवून जा. बघतो."

वही त्यानं कपाटावर ठेवली. तिचं अक्षर बघवत नव्हतं. पॅड हातात घालून बघितले, तर ते तिच्या मापाचे, मनगटावरचा पट्टा त्याला पुरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी अंगणात दोरीवर उड्या मारायला लागली. दोरीचा फरशीवरचा तो सटसट आवाज घरात वीस वर्षं होता, रोज सकाळी, चहाच्या आधी. तो आतून बाहेर आला आणि म्हणाला, "दोरी बंद कर. त्यानं काही होत नाही. अंगात ताकद आण आधी."

त्याला तो आवाज सोसत नव्हता, एवढंच खरं कारण. ते सांगता आलं असतं. पण ताकदीचं कारण तोंडात तयार होतं.

मग त्यानं त्याला येत होतं ते शिकवलं. गोदामात बंद पडलेले फ्रिज यायचे, त्यांचे काढलेले कॉम्प्रेसर गोणीत भरले, तीन, मग चार, मग पाच, आणि ती गोणी खांद्यावर घेऊन बारकी गोदामाचा लोखंडी जिना चढायची. ट्रकमधलं कपाट पट्ट्यावर पेलायची. पिशवीला एकेक ठोसा मारायची, पूर्ण जोर काढून, मग थांबायची, दम खायची, मग दुसरा. ड्रायव्हर बघायला यायचा. "ही तर छोटी क्रेन झाली रे," तो म्हणायचा, आणि बारकी खूश व्हायची. सहा आठवड्यांत तिचे खांदे भरले, मान भरली, वजन छप्पनवर गेलं.

शिलाईवाली एकदा गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊजी, बावन्नचा गट हुकला की."

"मग छप्पनमध्ये खेळेल. ताकद आलीय."

"छप्पनमधल्या पोरी छप्पनच्याच असतात हो. उंच असतात. आणि ही पळत नाही, उड्या मारत नाही, सलग दोन मिनिटं तिनं कधी मारलंय का बघा."

"तुझी मशीन बंद पडली असेल दुकानात. जा."

तिनं ऐकून घेतलं. "लढतीच्या दिवशी कोपऱ्यात मी उभी राहणार," ती म्हणाली. "ते तरी राहू द्या." त्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही.

*

लढत एका शाळेच्या हॉलमध्ये होती. समोरची मुलगी फार्मसीत काम करणारी, हडकुळी, लांब पायांची. तिला बघून त्यानं मनात म्हटलं, ही मोडेल.

आणि पहिल्या राउंडला ती खरंच मोडायला आली होती. बारकीचा उजवा हात तिच्या कानावर बसला आणि ती एका गुडघ्यावर गेली. हॉल उठून उभा राहिला. क्रेन कोपऱ्यातल्या स्टुलावर चढून ओरडला, काय ओरडला ते त्यालाही आठवत नाही. पंचानं आठपर्यंत मोजलं. फार्मसीवाली उठली, दोन्ही हात गालांपाशी लावले आणि हळूहळू मागे, बाजूला, मागे सरकायला लागली. बारकी तिच्यामागे. मोठे मोठे ठोसे, सगळे हवेत.

राउंड संपला. बारकी कोपऱ्यात येऊन बसली. शिलाईवालीनं तिच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला आणि तोंड तिच्या कानाशी नेऊन विचारलं, "येताना बसनं आलीस की ट्रकनं?"

बारकीनं तिच्याकडं बघितलं. ओठ हलले. उत्तर आलं नाही.

"बारके, कशानं आलीस?"

नुसता श्वास.

शिलाईवालीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर टाळली. "आता संपव," तो मुलीला म्हणाला. "एकच बसव. एकच पुरे."

दुसऱ्या राउंडचं मिनिट झालं असेल. बारकीचे हात कमरेपर्यंत उतरले. ते कसे उतरतात, आतून कसं वाटतं, हे त्या हॉलमध्ये त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? फार्मसीवालीचा पाय तिच्या डाव्या मांडीवर आला. परत आला. त्याच जागी. शिलाईवालीनं टॉवेल उचलला. तो रिंगमध्ये टाकला की लढत थांबते.

त्यानं तिचं मनगट धरलं.

"भाऊजी, सोडा."

"थांब. तिच्यात ताकद आहे अजून."

"सोडा म्हणते ना."

त्याच्या मुठीत ते मनगट काडीसारखं होतं. ती ओढत होती आणि तिला हलवताही येत नव्हतं. दोन्ही डोळे त्यानं रिंगकडं लावले होते. बारकी उभी होती, हात खाली, आणि समोरून ठोसे येत होते, सरळ, एकामागून एक, बायको शिकवायची तसे. पंचानं मधे पडून थांबवलं तोवर बारकीचं नाक फुटलं होतं आणि ती बाजूच्या दोरांवर कलली होती. ते मनगट त्यानं किती वेळ धरलं होतं? भिंतीवरच्या घड्याळानं चाळीस सेकंद. त्याला दुसरं मोजमाप नव्हतं.

*

हॉस्पिटल वेगळं होतं, पण कॉरिडॉर सगळीकडे सारखेच. नाकाचं हाड मोडलं होतं, वरच्या ओठाला चार टाके पडले. आत नर्स ड्रेसिंग करत होती. तो आत गेला तेव्हा बारकीनं कापसाच्या बोळ्यांमधून बोलायचा प्रयत्न केला.

"बाबा, सॉरी."

"बोलू नको."

"ताकद कमी पडली. पहिल्या राउंडला अजून थोडी असती तर ती उठलीच नसती." ती थांबली, थुंकी गिळली. "गोणीत अजून दोन वाढवू. साठपर्यंत जाऊ."

तिच्या डाव्या मांडीवर निळा-काळा डाग उठला होता, तळहाताएवढा. त्याला तो डाग ओळखीचा होता. तो म्हणाला, "आधी बरी हो."

बाहेर शिलाईवाली बाकावर बसली होती. तिच्या मनगटावर त्याची बोटं उमटलेली दिसत होती. तो थोडं अंतर ठेवून बसला. त्याला वाटलं, ही आता शिव्या घालणार, घालायलाच हव्यात.

ती शिव्या घालत नव्हती.

"बादली मी धुतली होती," ती म्हणाली.

त्याला आधी कळलं नाही.

"त्या रविवारची. सोमवारी सकाळी क्लास मीच उघडायचे. ताईंनी बादली खिडकीखाली झाकून ठेवलेली, विसरल्या असतील. आणि त्या दिवशी तुम्ही कामावर लंगडत गेलात, ते सगळ्यांनी बघितलं. लोक म्हणाले, क्रेनचा पाय जिन्यावरून घसरला."

त्यानं डावा पाय बाकाखाली ओढून घेतला.

"मी ताईंना विचारलं. म्हटलं, तुम्ही खरं का सांगत नाही, दोघी सोडून गेल्या तुमच्या. तर म्हणाल्या, त्यांचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे गं. माझ्याकडं दुसरंही आहे." तिनं टेप गळ्यातून काढून हाताभोवती गुंडाळली. "मी कुणाला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही. ते तुमचं काम आहे. पण पोरगी साठ किलोच्या गोष्टी करतेय, भाऊजी. कशाच्या जिवावर करतेय, ते तुम्हाला माहीत आहे."

"सांगतो," तो म्हणाला. "घरी गेलो की सांगतो."

"बरं."

"बारा वर्षं झाली."

"मोजलीत तुम्ही?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

*

घरी गेल्यावर त्यानं सांगितलं नाही.

गोणीतले कॉम्प्रेसर त्यानं दुसऱ्याच दिवशी भंगारात टाकले. बारकीनं विचारलं तेव्हा म्हणाला, डॉक्टर वजन उचलू नको म्हणालेत. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. कपाटावरची वही काढून पुसली आणि शिलाईवालीच्या दुकानात नेऊन दिली. ती मशीनवर होती, तिनं पाय न थांबवता विचारलं, "सांगितलंत?" तो म्हणाला, "आज संध्याकाळी." तिनं वही घेतली.

त्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा सकाळी टेबलाशी बसल्यावर म्हणाला, "बारके, तुला एक सांगायचं होतं."

"हं?"

"अंडं गार होतंय."

एकदा ती आईच्या फोटोपुढं उभी होती तेव्हा तो मागून म्हणाला, "तुझ्या आईची पद्धत बरोबर होती. माझी चुकली." एवढं बोलायलाही त्याला घाम फुटला.

बारकी वळली. नाक अजून सुजलेलं, थोडं डावीकडं कललेलं. डॉक्टर म्हणाले होते ते आता तसंच राहील. "आई गेली म्हणून तुम्ही असं म्हणताय," ती मायेनं म्हणाली. "तुमची काही चुकली नाही. आई नाजूक होती, तिला ते सगळं लागायचं. मीही नाजूक निघाले, एवढंच. तुमच्यासारखी नाही झाले."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर निघून गेला. मुलीनं स्वतःला कमी लेखलं आणि त्यानं ते तसंच राहू दिलं. चहाच्या टपरीवर ड्रायव्हर भेटला, म्हणाला, "पोरगी हरली म्हणून एवढं काय मनाला लावून घेतोस? सगळ्यांना काय तुझ्यासारखं जमतं?" त्यानं चहा अर्धा टाकून दिला.

टायरच्या दुकानावरची खोली परत उघडली. शिलाईवाली शिकवते, बारकी तिच्या हाताखाली. अंगणात सकाळी दोरी वाजते. तो आतल्या खोलीत दार लावून बसतो, पण बंद कर म्हणत नाही. हॉस्पिटलाच्या रस्त्यानं रोज थोडा पळतो. अजून पहिल्या चौकापुढं जात नाही.

परवा दुपारी तो क्लासमध्ये गेला होता. एका पिशवीची छतातली कडी सैल झाली होती. तो शिडीवर उभा राहून पान्यानं ती आवळत होता. खाली चार नव्या बायका आलेल्या, बारकी त्यांना हात कसे धरायचे ते दाखवत होती. त्यांच्यातली एक बेकरीत काम करणारी, चांगली आडवी, खांदे पिठाची पोती उचलून झालेले. ती म्हणाली, "हे सगळं ठीक आहे गं बाई, पण शेवटी ज्याच्यात जोर जास्त तोच जिंकतो की नाही?"

"जिंकतो ना," बारकी म्हणाली. "माझ्या बाबांनी माझ्या आईला दीड मिनिटात हरवलं होतं, आणि आई इथली सगळ्यांत भारी. हे काय, शिडीवर आहेत ते." तिच्या आवाजात अभिमान होता. "पण आपण काही क्रेन नाही. म्हणून आपल्याला हे शिकावं लागतं."

चौघींनी माना वर केल्या. बेकरीवाली कौतुकानं म्हणाली, "दिसतातच तसे."

दुसऱ्या पिशवीपाशी शिलाईवाली स्वतःच्या लाथा मोजत होती. तिचा आकडा मधेच थांबला. तिनंही वर बघितलं. खोलीत सहा जणी त्याच्याकडं बघत होत्या आणि त्याला फक्त तोंड उघडायचं होतं. दम लागलेला नव्हता. श्वास भरपूर होता.

त्यानं आवळलेली कडी आणखी एकदा आवळली. "झालं," तो म्हणाला. "आता हलणार नाही." शिडी घडी करून भिंतीला लावली आणि जिना उतरून खाली आला. वर शिलाईवालीनं आकडा पहिल्यापासून मोजायला घेतला.

बारकीची पुढची लढत सहा आठवड्यांवर आहे. वजन त्रेपन्नवर आलंय, वहीतली चार पानं झालीत. त्या रविवारी दार लावल्यावर काय झालं, ते त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही.